मिश्रपेये

मिश्रपेये : दोन वा अधिक द्रव पदार्थ ठराविक प्रमाणात एकत्र करून तयार केलेल्या पेयांस मिश्रपेये म्हणतात. व्यवहारात मात्र ही संज्ञा मुख्यतः मद्ययुक्त मिश्रणांसाठी वापरली जाते. आंबविलेले किंवा ऊर्ध्वपातित मद्य हा त्यांतील मूळ घटक असून त्यात गोड, आंबट, कडू वा सुगंधी पदार्थ आणि पाणी, सोडा किंवा बर्फ मिसळलेला असतो. कॉकटेल हा या वर्गातील एक प्रकार होय. तथापि विसाव्या शतकापासून ते सर्व वर्गाचेच नाव बनले आहे. मिश्रपेयाची ओळख त्याच्या घटकांवरून, त्यांच्या प्रमाणावरून आणि नावावरून पटते. या तिन्ही गोष्टी कोणी ठरवावयाच्या, पिणाऱ्याने, विक्रेत्याने की शासनाने, हा प्रश्न मिश्रपेयांच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो. जगभर पसरलेल्या मिश्रपेयांपैकी एक अत्यंत जुने पेय जे पंच, त्याचा प्रारंभीचा इतिहास भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी निगडित असल्यामुळे महाराष्ट्र व गोवा यांच्या दृष्टीने या विषयास विशेष महत्त्व आहे.

प्राचीन परंपरा : पदार्थ मोजून एकत्र करण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. अतिथीस अर्पण करावयाच्या मधुपर्कात दही, तूप व मध यांचे मिश्रण असे. दूध, दही, तूप, मध व साखर यांचे पंचामृत आजही प्रचारात आहे. आंबट फळांचा रस, गोडवा व पाणी यांपासून केलेल्या बिनमादक पेयास पानक म्हणत. मराठीतील पन्हे हा शब्द त्यापासूनच आला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्य, फळे, मुळे, फुले, साली इत्यादींपासून होणाऱ्या चौऱ्याऐंशी आसवांची गणना केलेली आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्याचे प्रकार दिले असून त्यांपैकी अनेकांचे घटक वजनमापांसह सांगितले आहेत. उदा., मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण आहे. मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ आणि पिंपळी, मिरी यांसारखी तीक्ष्ण द्रव्ये येतात. याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांस विशेष कार्यप्रसंगी पांढरी सुरा किंवा औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिली आहे, तसेच उत्सव व यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्यनिर्मितीस सवलत आहे. मद्याची कृती लिहून ठेवणे आणि ते कोणी, केव्हा करावे याचे नियम घालणे, ही दोन्ही कामे एकाच अधिकाऱ्याकडे होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पंच या शब्दाचा उगम : इंग्रजीत पंच या पेयाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १६३२ मधील एका पत्रात आढळतो. हे पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील एका इंग्रजाने कोरोमंडल किनाऱ्यावरील आपल्या सहकाऱ्यास लिहिले होते. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने तेथील इंग्रज वखारवाल्यांच्या अशाच एका पेयाचे वर्णन केले असून त्याचे घटक मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चार दिले आहेत. फ्रेंच वैद्य बर्निए याने बंगालमधील असेच पेय नोंदविले आहे. त्यात अर्क, लिंबाचा रस, पाणी व जायफळ असे.

या शब्दाचा अर्थ स्पष्टपणे सांगणारा पहिला महत्त्वाचा लेखक म्हणजे जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य होय. तो १६७३ मध्ये भारतात आला व त्याने मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा इ. ठिकाणी प्रवास केला. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो सांगतो, की गोव्याजवळील नेरूळ येथे उत्तम अर्क तयार होतो व या किनाऱ्यावरील इंग्रज त्यापासून पंच नावाचे पेय करतात. हे नाव हिंदुस्थानी भाषेतील ‘पाच’ या अर्थाच्या शब्दावरून, पाच घटकांमुळे पडले आहे. हे पाच घटक म्हणजे अर्क, साखर, लिंबाचा रस, पाणी व मसाला असे सामान्यतः मानले जातात.

ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. प्रारंभीच्या वर्णनांत घटकांची संख्या चार किंवा अन्य आढळते. फ्रायरनेही चार घटकांच्या मिश्रणाचा उल्लेख केला आहे. शिवाय सतराव्या शतकातील इंग्रजी शब्दाचा उच्चार ‘पुंच’ असा असावा आणि तो ‘पंच’शी तंतोतंत जुळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. मद्याच्या मोठ्या पिंपास इंग्रजीत पंचन म्हणत. त्यावरून हे नाव आले असावे, असे दुसरे मत आहे. तरीही या पेयाचे घटक, त्याचे प्रारंभीचे उल्लेख आणि समकालीन लेखकांची समजूत या तिन्हींचा रोख भारताकडेच आहे. यूल व बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या प्रसिद्ध कोशातही भारतीय व्युत्पत्तीस अनुकूल असे उतारे एकत्र केलेले आहेत.

मिश्रपेयांच्या परिभाषेतील पूर्वेकडील शब्द एवढाच नाही. ताडाच्या रसापासून होणाऱ्या ताडीचे इंग्रजीत ‘टॉडी’ झाले आणि अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये त्याच नावाने मद्य, साखर व गरम पाणी यांचे मिश्रण ओळखले जाऊ लागले. ‘ज्यूलेप’ हा शब्द फार्सी गुलाब (गुलाबपाणी) या शब्दापासून अरबीमार्गे युरोपात गेला. अरबी ‘शर्बा’ या धातूपासून सरबत व ‘श्रब’ आणि ‘अरक’ या शब्दापासून अर्क व ‘ॲरॅक’ ही नावे आली. अँग्लो-इंडियन बोलीतील ‘ब्रँडी-पानी’ या जोडशब्दात तर अर्धा शब्द जसाच्या तसा देशी आहे.

किनाऱ्यावरील मूळ मद्य : पंचातील अर्क मुख्यतः माडाच्या रसापासून काढीत. कोकणात हा रस काढण्याचा व्यवसाय परंपरेने भंडारी समाजाकडे होता. न आंबलेल्या रसास निरा, माडाच्या आंबलेल्या रसास माडी व ताडाच्या रसास ताडी म्हणतात. १६८९ मध्ये सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टनने गोव्याचा व बंगालचा अर्क यांची तुलना करून बंगालचा अधिक तीव्र असल्याचे नमूद केले आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. त्यामुळे गोव्यात माडाच्या फेणीनंतर काजूची फेणी आली. काजूच्या बोंडांतून आपसूक गळणारा गोड रस म्हणजे नीरो, पहिल्या ऊर्ध्वपातनाचे सौम्य मद्य म्हणजे हुर्राक व पुढील ऊर्ध्वपातनाचे तीव्र मद्य म्हणजे फेणी. हुर्राक उन्हाळ्यातच मिळते; लिंबू, मीठ व हिरवी मिरची घालून आणि लिंबाच्या सोड्यात मिसळून ते पितात. गोड, आंबट, तिखट, पाणी व मद्य हे जुन्या पंचाचेच सूत्र यात वेगळ्या रूपाने टिकून आहे. गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

मुंबईतील १६९४ चा आदेश : सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत खलाशी, सैनिक व व्यापारी यांच्यासाठी पंच विकणारी खानावळवजा घरे होती. मुंबई सरकारच्या १६९४ च्या आदेशपुस्तकातील एक नोंद या दृष्टीने महत्त्वाची आहे. तीनुसार अशा घरात पंच पिण्यास आलेल्या कोणाही माणसास गोव्याचा चांगला अर्क एक क्वार्ट (सु. एक लिटर), साखर अर्धा पौंड (सु. सव्वादोनशे ग्रॅम) आणि लिंबाचा चांगला रस अर्धा पाइंट (सु. पाव लिटर) मागण्याचा व आपले पंच आपण स्वतः करून घेण्याचा अधिकार होता. या नियमाने पेयाची गुणवत्ता व मापे यांची हमी शासनाने दिली आणि मिश्रणाचे काम मात्र पिणाऱ्याच्या हाती ठेवले. विक्रेत्याने आधीच मिसळलेल्या पेयात काय आहे हे ग्राहकास कळण्याचा मार्ग नसतो, हे त्यामागील व्यावहारिक कारण असावे.

कॉकटेलचा उदय : पंच हे मोठ्या भांड्यात, अनेकांसाठी केलेले पेय होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एका माणसासाठी एका पेल्यात मिश्रण करण्याची पद्धत रूढ होत गेली. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने वाचकाच्या प्रश्नास उत्तर देताना कॉकटेलची व्याख्या छापली; तीनुसार मद्य, साखर, पाणी व कडवट अर्क यांचे उत्तेजक मिश्रण म्हणजे कॉकटेल. या शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. शुद्ध वंशाच्या नसलेल्या, शेपूट छाटलेल्या घोड्यास हे नाव होते व त्यावरून मिश्रणास ते लाभले, असे एक मत आहे. १८६२ मध्ये जेरी टॉमस या अमेरिकन मद्यमिश्रकाने मिश्रपेयांच्या कृतींचे पहिले महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

या विकासास बर्फ व सोडा यांच्या पुरवठ्याची जोड मिळाली. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतील नैसर्गिक बर्फ जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्यास पाठविला आणि त्यानंतर लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागला. सोड्याच्या व्यवसायात पारशी उद्योजक पुढे होते. मुंबईतील पालनजी (१८६५) व ड्यूक (१८८९) आणि पुण्यातील अर्देशिर (१८८४) ही त्यांची प्रसिद्ध नावे होत. हायरम कॉड याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या काचेच्या गोटीच्या बाटलीमुळे महाराष्ट्रात ‘गोटी सोडा’ हा शब्द रूढ झाला. क्विनीनयुक्त टॉनिक पाण्याचे पेटंट १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले व भारतातील हिवतापाच्या भीतीमुळे जिन व टॉनिक यांची जोडी प्रसिद्धीस आली.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील मद्यमिश्रक हॅरी क्रॅडॉक याच्या १९३० च्या संग्रहात मुंबईच्या नावाचे एक कॉकटेल आहे. त्यात ब्रँडी, दोन प्रकारची व्हर्मूथ, कुरासाव व ॲब्सिंथ हे घटक येतात. त्यांपैकी एकही मुंबईचा नाही. सतराव्या शतकात या किनाऱ्यावरून पदार्थ आणि नाव ही दोन्ही बाहेर गेली होती. विसाव्या शतकात केवळ नाव शिल्लक राहिले.

प्रकार व परिभाषा : मिश्रपेयांचे वर्गीकरण मुख्यतः घटकांच्या परस्परसंबंधावरून करतात. मद्य, लिंबूवर्गीय रस व साखर यांच्या मिश्रणास सावर म्हणतात. त्यात सोडा घातल्यास कॉलिन्स किंवा फिझ हे प्रकार होतात. एक मद्य आणि त्याहून बरेच अधिक सोडा वा तत्सम पेय एवढ्याच घटकांचे उंच पेल्यातील मिश्रण म्हणजे हायबॉल. ज्यूलेपमध्ये पुदिना व कुटलेला बर्फ, फ्लिपमध्ये अंडे आणि कॉबलरमध्ये वाइन, साखर व फळे असतात. मद्य व व्हर्मूथ यांच्या संयोगातून मार्टिनी व मॅनहॅटन ही प्रसिद्ध पेये झाली. मद्यविरहित मिश्रणास मॉकटेल म्हणतात. पानक हे त्याचे प्राचीन भारतीय प्रतिरूप म्हणता येईल.

कृतींनाही स्वतंत्र संज्ञा आहेत. रस, साय किंवा अंडे असलेली मिश्रणे बर्फासह झाकणाच्या भांड्यात जोराने हलवितात. त्यामुळे त्यांत हवा मिसळते, ती थंड होतात व वितळलेल्या बर्फामुळे सौम्यही होतात. केवळ स्वच्छ मद्यांची मिश्रणे ढवळतात, म्हणजे ती गढूळ होत नाहीत. पुदिना किंवा फळे पेल्यात चेचण्यास मडलिंग म्हणतात. साखरेचे प्रमाण अधिक असलेले द्रव जड असल्याने तळाशी राहतात; या गुणधर्माच्या आधारे रंगीत थर रचलेली पेयेही केली जातात. थेंबभर घटकास डॅश व मापाच्या पेल्यास जिगर अशी नावे आहेत. भारतात पेग हे माप रूढ असून छोटा पेग ३० मिलि. व मोठा पेग ६० मिलि. असतो.

मराठी बोलीत यास समांतर अशी स्वतःची शब्दसंपत्ती आहे. तिचा भर मिश्रणापेक्षा मापावर व तीव्रतेवर आहे. नवटाक व पावशेर ही शेराची जुनी मापे मद्याच्या संदर्भात दीर्घकाळ टिकली. पुढे त्यांची जागा १८० मिलि.च्या ‘क्वार्टर’ने व ७५० मिलि.च्या ‘खंब्या’ने घेतली. ऊर्ध्वपातनात आरंभी येणारे तीव्र मद्य म्हणजे ‘पहिल्या धारेची’. हा शब्दप्रयोग अस्सल किंवा जहाल या अर्थाने इतरत्रही वापरला जातो. हातभट्टी या शब्दात साधन, जागा व बेकायदेशीरपणा हे तिन्ही अर्थ एकवटले आहेत.

आबकारी व दारूबंदी : ब्रिटिश अमलात मद्य हे महसुलाचे मोठे साधन बनले. १८७८ च्या मुंबई आबकारी अधिनियमाने निर्मिती व विक्री यांवर शासनाची पकड घट्ट झाली. ताडीसाठी छेदल्या जाणाऱ्या झाडांवर कर बसला. १८९२ च्या मोहविषयक अधिनियमाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध आणले. मोह हे आदिवासींचे अन्न, गुरांचे खाद्य, विनिमयाचे साधन व धार्मिक विधींतील द्रव्य होते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते प्रामुख्याने मद्याचा कच्चा माल ठरले. अर्थशास्त्रात गृहस्थास असलेली कार्यप्रसंगीची मुभा येथे गुन्ह्यात परिवर्तित झाली. ही फुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले.

मुंबई शहरात १९३९ मध्ये प्रथम दारूबंदी जारी झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. या अधिनियमाविरुद्धच्या मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अधिनियमाचा बराचसा भाग वैध ठरविला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यावरील बंदी अवैध ठरविली. आसव-अरिष्टांसारख्या मिश्रणांस मद्य म्हणावयाचे की औषध, हा जुना प्रश्न त्या निमित्ताने न्यायालयापुढे आला होता. १९६० नंतरच्या दशकात धोरण सौम्य होऊन परवाना पद्धती रुळली. आज हा अधिनियम महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो.

नाशिक : नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई–आग्रा व नाशिक–पुणे हे महामार्ग मिळतात. जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांत मोहाचा प्रदेश आहे, तर आग्रा रस्त्याने ईशान्येस ओझर, पिंपळगाव बसवंत व निफाड या बाजूस द्राक्षबागा आहेत. एकाच जिल्ह्यातील या दोन मद्यांच्या वाट्यास भिन्न दर्जा आला. मोहाची हातभट्टी बेकायदेशीर राहिली, तर राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला करसवलती मिळाल्या, विंचूर येथे वाइन उद्यान उभे राहिले आणि १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुला या उद्योगासह अनेक वाइनऱ्या निघाल्या. वाइन, फळे व सोडा यांची स्पॅनिश धर्तीची सांग्रिया ही मिश्रणे त्यातूनच नाशिककरांच्या परिचयाची झाली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की शेतमालाचे उत्पादन, असा तीव्र वाद झाला व तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही.

महामार्गांपासून ५०० मी. अंतरात मद्यविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. तो एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपघातांस आळा घालणे हा त्याचा हेतू होता. शहरांतून जाणाऱ्या महामार्गांबाबत मात्र अडचणी उद्भवल्या आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नगरपालिका क्षेत्रांतील परवानाधारकांना या बंदीतून वगळता येईल असे स्पष्ट केले. द्वारकेसारख्या भर वस्तीतील महामार्गांच्या चौकांस हे स्पष्टीकरण विशेष लागू पडणारे होते.

विषारी मिश्रणे : मिश्रणातील घटक पिणाऱ्यास अज्ञात असतील, तर मिश्रपेय प्राणघातक ठरू शकते. मिथेनॉल हा औद्योगिक मद्यार्क स्वस्त असून चवीने व वासाने पेय मद्यार्काहून सहज वेगळा ओळखू येत नाही. शरीरात त्याचे रूपांतर फॉर्माल्डिहाइड व पुढे फॉर्मिक अम्ल यांत होते. त्यामुळे दृष्टितंतूंना इजा होऊन अंधत्व येते व अनेकदा मृत्यू ओढवतो. लक्षणे काही तासांनी दिसत असल्याने उपचारास विलंब होतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालाड भागातील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त गावठी दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. मृतांत प्रामुख्याने कष्टकरी होते. परवानाधारक दुकानातील महाग मद्य न परवडणारा माणूस ज्या पिशवीतील मद्य घेतो, तीवर ना नाव असते ना माप.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्यविषयक विनियम एप्रिल २०१९ पासून लागू झाले असून त्यांनुसार बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण व आरोग्यविषयक इशारा छापणे बंधनकारक आहे. बाटलीबंद तयार मिश्रपेयांनाही हे नियम लागू आहेत. पेल्यात मिसळून दिलेल्या पेयावर मात्र असा कोणताही मजकूर नसतो. त्याबाबत पिणाऱ्यास विक्रेत्याच्या सचोटीवरच विसंबावे लागते आणि तेथे १६९४ च्या आदेशामागील प्रश्न अद्यापि कायम आहे.